ट्रोफिमुसच्या कच्च्या विटा

फाउस्ता केरुबीनी नेव्हिओच्या शेतावर गेली ती विटा बघायला. एवढंच काम होतं. विटा बघायच्या, फोटो काढायचे, जमलं तर यंदाच्या नव्या ऑलिव्ह तेलाची एक बाटली पदरात पाडून घ्यायची आणि अंधाराच्या आत घरी परतायचं.

टायबर नदीच्या त्या खोऱ्यात जुन्या विटांचं कुणाला अप्रूप नव्हतं. रोमला जेव्हा विटा लागत होत्या, तेव्हा त्या याच काठावर थापल्या जात, भाजल्या जात आणि नावेत भरून नदीने खाली जात. अजूनही नांगराला लागतात. डुकरांच्या खुराड्यात, विहिरीच्या कठड्यात, कोंबड्यांच्या पायरीला, कुठेही बघा, एखादी शिक्का मारलेली वीट सापडायचीच. फाउस्ता ज्या छोट्या संग्रहालयात काम करायची, त्याचं तळघर अशा विटांनी भरलं होतं. त्यामुळे नेव्हिओचा फोन आला तेव्हा तिला हसूच आलं. तो तिचा शाळेतला सोबती. एका बाकावर बसून दोघांनी मार खाल्लेला.

"मेंढ्यांच्या पाण्यासाठी चर खणत होतो," तो म्हणाला. "विटा लागल्या."

"तुझ्या शेतात बटाटे लागले असते तर मी धावत आले असते. विटांचं काय सांगतोस?"

"ऐक तरी. या मऊ आहेत."

"मऊ म्हणजे?"

"अंगठा दाबला की उमटतो."

फाउस्ताचं हसू तिथेच थांबलं. भट्टीत न गेलेल्या विटा! वसंतात माती मळायची, साच्यात घालायची, ओली असतानाच शिक्का मारायचा, मग वाळवायची आणि शेवटी भाजायची, अशी ती जुनी रीत. यांच्या नशिबी भाजणं आलंच नव्हतं. वाळत घातल्या असताना नदीला पूर आला असणार, गाळ बसला असणार आणि त्या गाळाने त्यांना इतकी शतकं ओलं ठेवलं. असलं काही तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"हलवू नकोस," ती म्हणाली.

"थोड्या हलवल्यात. दुधाच्या खोलीत आणून ठेवल्यात."

"मग ओली पोती घाल त्यांच्यावर. वाळू देऊ नकोस, नेव्हिओ. वाळल्या की तडकतील."

ती पोचली तेव्हा धुकं नदीवरून वर चढलं होतं. फाटकापाशी नेव्हिओची पांढरी कुत्री, ब्रीना, दिसली. एरवी अनोळखी गाडी बघून टायर फाडायला धावणारी ही कुत्री त्या दिवशी वळलीसुद्धा नाही. खणलेल्या चराकडे तोंड करून बसली होती आणि हळूहळू शेपूट हलवत होती. चरापाशी कुणीच नव्हतं.

दुधाच्या खोलीत आंबूस, उबदार वास होता. नेव्हिओने पोतं बाजूला केलं आणि फाउस्ता गुडघ्यांवर बसली. विटा करड्या होत्या, शेवाळल्यासारख्या चकाकत होत्या. प्रत्येकीवर चंद्रकोरीच्या आकाराचा शिक्का होता आणि त्या कोरीत अक्षरांची ओळ. कडा इतक्या धारदार, की जणू मघाशीच कुणी शिक्का उचलला होता.

"काय लिहिलंय?" नेव्हिओच्या बायकोने, लिदियाने, दारातून विचारलं. हात ताकात बुडाल्यासारखे पांढरे. ती रिकोत्ता, मेंढीच्या दुधाचं ताजं मऊ चीज, टोपल्यांत भरत होती.

"माती स्तातिलियाच्या जमिनीतली. काम ट्रोफिमुसचं. स्तातिलिया मालकीण. ट्रोफिमुस तिचा गुलाम."

"बघ," नेव्हिओ म्हणाला, "तेव्हापासून बायकाच मालकिणी आणि आम्ही मातीत."

"मालकीण असते तर पहाटे तुझ्या मेंढ्यांच्या धारा मी काढल्या असत्या होय रे?" लिदियाने लगेच परतवलं. फाउस्ता हसली. ट्रोफिमुसच्या नावातल्या एका अक्षराचा पाय मोडका होता. लाकडी शिक्क्याचा टवका उडालेला असणार. प्रत्येक विटेवर तोच मोडका पाय.

धुकं काही उठेना. नदीकाठचा रस्ता दिसेनासा झाला, तेव्हा लिदियाने तिला जाऊच दिलं नाही. चण्यांचं सूप, बिनमिठाचा पाव आणि त्यावर नवं तेल, असं जेवण झालं. स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत नेव्हिओची आई होती, अर्जिया. फाउस्ता तिला लहानपणापासून मावशी म्हणायची. एके काळी ही बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गाणं म्हणत चढ चढायची. आता झटक्याने डावी बाजू गेली होती, ती अंथरुणाला खिळली होती आणि पायांत पाणी भरलं होतं. लिदिया तिच्या नडग्यांना तेल चोळताना बोट दाबायची, तर तिथे खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

"कणकेचे पाय झालेत माझे," अर्जिया म्हणाली. "बघतेस काय पोरी, दाबून बघ."

फाउस्ताने दाबलं नाही.

सकाळी दुधाच्या खोलीतून लिदियाचा आवाज चढलेला ऐकू आला.

"अन्नाची मस्करी करायची नाही, नेव्हिओ! हे बाजारात कोण घेणार आता?"

"मी नाही केलं."

"मग काय मेंढ्यांनी केलं?"

टोपल्यांमधल्या ताज्या रिकोत्तावर चंद्रकोर उमटली होती. एकीवर नव्हे, ओळीने सगळ्यांवर. फाउस्ताने वाकून पाहिलं आणि तिला आधी कौतुकच वाटलं. नेव्हिओने छान जमवलंय. मग तिच्या लक्षात आलं. विटेवर रिकोत्ता दाबली असती तर अक्षरं उलटी उमटली असती. ही सुलटी होती. असा ठसा उमटवायचा तर मूळ लाकडी शिक्काच हातात हवा. आणि तो शिक्का कुजून माती होऊन युगं लोटली होती.

तिने मोडक्या पायाचं अक्षर शोधलं. होतं.

"फाउस्ता," नेव्हिओ हळूच म्हणाला, "तू लिदियाला सांग ना, की मी असला शहाणपणा करणार नाही…"

तिने सांगितलं.  लिदियाने सगळी रिकोत्ता कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्या आल्या, मान तिरकी करून बघत उभ्या राहिल्या आणि एकेक करून परत गेल्या.

फाउस्ताने संग्रहालयात रजा कळवली. विटा उचलायच्या तर नीट तयारी हवी, हे तिने साहेबांना सांगितलं आणि स्वतःलाही. पण खरं म्हणजे तिला तिथून हलवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फडक्याखाली फुगत ठेवलेल्या पावाच्या कणकेवर कोर उमटली. त्यानंतर भिंतीच्या भोकात लिंपलेल्या ओल्या गिलाव्यावर. मेणबत्तीच्या ऊन मेणावर. जे जे मऊ होतं, ते ते कुणीतरी बोटाने चाचपून बघत होतं आणि आपलं म्हणून खूण करत होतं.

आणि आवाज. तो दुपारचा यायचा, जेवणं आटपून सगळे आडवे होतात तेव्हा. चराच्या बाजूने, धुक्यातून. थप्… मग बराच वेळ काही नाही. पुन्हा थप्. ओल्या मातीवर लाकूड टेकल्याचा आवाज. कामाची घाई नसलेल्या माणसाचा. आवाज आला की ब्रीना शेपूट हलवायची.

त्याच आठवड्यात एका दुपारी लिदियाने फाउस्ताला हाक मारली. हाक मोठी नव्हती, पण ऐकून फाउस्ताच्या हातातला ब्रश खाली पडला.

अर्जियाच्या पांघरुणाचं टोक लिदियाच्या हातात होतं. सुजलेल्या नडगीवर, कणकेत उमटावी तशी खोल, स्वच्छ चंद्रकोर उमटली होती. अक्षरं वाचता येत होती.

"दुखतंय का, मावशी?" फाउस्ताने विचारलं. 

"नाही ग. हलका हात आहे त्याचा."

"कुणाचा?"

"दुपारी येतो तो. पाय चिखलाने भरलेले असतात. मी म्हटलं, बाबा, फरशी पुसून घेतलीये सुनेने. तर ऐकत नाही." अर्जिया जराशी हसली. "माझ्या पायाला हात लावतो आणि विचारतो, वाळलीस का?… मी म्हणते, अजून नाही."

फरशी कोरडी होती. स्वच्छ होती.

त्यानंतर अर्जियाची सूज उतरू लागली. आधी घोट्याची, मग नडग्यांची. मेलेला डावा हात एका सकाळी पेल्यापर्यंत गेला. डॉक्टर आला, त्याने पाय दाबून पाहिले, आनंदाने नेव्हिओच्या पाठीवर थाप मारली आणि औषध लागू पडल्याचं श्रेय घेऊन, तेलाची बाटली घेऊन गेला. शनिवारी अर्जिया उठून बसली. सोमवारी ती भिंत धरून स्वयंपाकघरात आली आणि चुलीपाशी आपल्या जुन्या खुर्चीत टेकली.

नेव्हिओ रडला. एवढा दांडगा गडी, मेंढीला काखेत मारून नेणारा, आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. अर्जियाने त्याच्या केसांतून हात फिरवला. हात फिरताना बारीक खरखर ऐकू आली.

फाउस्ताने तो हात हातात घेऊन पाहिला. कातडी कोरडी ठणठणीत होती, तांबूस, आणि कोपरापाशी केसासारख्या बारीक भेगा. ताप नव्हता, तरी अंग गरम. चंद्रकोर मात्र तशीच होती. सूज उतरली तरी ठसा बुजला नव्हता. उलट त्याच्या कडा घट्ट झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी भांडी विसळता विसळता लिदियाने मान न वळवता विचारलं, "फाउस्ता, वीट वाळली, की मग तिचं पुढे काय करतात?"

फाउस्ताने हातातलं ताट पुन्हा एकदा पुसलं.

"मला माहीत आहे," लिदिया म्हणाली. "नुसतं तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

दोघींनी नेव्हिओला समजावलं. विटा पुन्हा गाळात घालू, चर बुजवू. फाउस्ता हे बोलली तेव्हा तिचा जीव तिळतिळ तुटत होता. असा शोध पुन्हा लागणार नव्हता. पण नेव्हिओ ऐकेना.

"आई चालतेय," तो म्हणाला. "डोळ्यांनी बघताय ना? ती चालतेय! आणि तुम्ही मला सांगताय की…"

"नेव्हिओ, तिचं अंग बघ. हात लावून बघ."

"हात लावला. गरम आहे. जिवंत माणूस गरमच असतं." त्याने दार आपटलं आणि मेंढ्यांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थप् असा आवाज आलाच नाही. घर इतकं शांत होतं, की चुलीतली राख बसलेली ऐकू यावी. दिवस मावळायला आला तेव्हा लिदिया आत गेली आणि तशीच उलट्या पावली बाहेर आली. अंथरूण रिकामं होतं. मागचं दार उघडं होतं. आणि दाराबाहेर धुकं, पांढरं, दाट, दाराला टेकून उभं.

"आई!" लिदियाने हाक मारली. आवाज दोन हातांवर जाऊन विरला.

त्या दोघी चराच्या दिशेने धावल्या. नेव्हिओ मेंढवाड्यातून कंदील घेऊन मागे आला. जसजशा त्या पुढे जात होत्या तसतशी हवा कोरडी होत होती. नोव्हेंबरातलं धुकं, पण त्याचा ओलावा गालाला लागेना. धूर मात्र जाणवत होता, ओल्या लाकडाचा. आणि चराच्या पलीकडे, पॉपलरच्या झाडांखाली, जिथे ना घर होतं ना गोठा, तिथे धुक्याच्या पोटात तांबूस उजेड होता. तो श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होत होता.

अर्जिया चरात होती. कच्च्या विटा जशा कडेवर, एकमेकींमध्ये वाऱ्यापुरती फट ठेवून रचल्या होत्या, तशीच ती त्या रांगेत कुशीवर पडली होती. हात अंगाशी सरळ. डोळे उघडे. तिच्यासाठी जागा आधीच मोकळी सोडलेली असावी, इतकी ती तिथे नेमकी मावली होती.

फाउस्ता चरात उतरली आणि तिने अर्जियाच्या खांद्याला हात लावला. चटका बसला.

"वाळले ग," अर्जिया पुटपुटली. ओठ हलले की बारीक भुगा पडत होता. "आता उचलायला येतील…"

उजेड मोठा झाला. लाकडं तडतडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला आणि त्यात, त्या उजेडाकडून चराकडे येणारी पावलं. चिखलातून निघणारी, सावकाश. चराच्या कडेला ब्रीना उभी होती. तिची शेपूट आनंदाने हलत होती.

"पाणी!" फाउस्ता ओरडली. "नेव्हिओ, पाणी आण!"

नेव्हिओ कंदील धरून उभाच होता. "तिला हात लावू नका," तो म्हणाला. लहान मुलाने विनवावं तसा. "ती… ती स्वतः चालत आलीय इथवर…"

पाणी लिदियाने आणलं. मेंढ्यांच्या हौदातून, बादली अर्धी सांडत. फाउस्ताने ते अर्जियाच्या पायांवर ओतलं. वाफ निघाली. दुसरी बादली आली, तिसरी आली. फाउस्ताने दोन्ही अंगठे त्या चंद्रकोरीवर ठेवले आणि चोळायला लागली, ओल्या मातीवरची चूक कुंभाराने पुसावी तशी. आधी काही होईना. नखं मोडली. पावलं अगदी वर, चराच्या काठाशी येऊन थांबली. फाउस्ताने मान वर केली नाही. पाठीवर सावली पडावी तशी कुणाची तरी धग पडली आणि चिखलाचा एक गोळा तिच्या हाताशेजारी टपकला. अक्षराचा मोडका पाय तेवढ्यात तिच्या अंगठ्याखाली मऊ पडला. पुसला. मग शेजारचं अक्षर. मग सगळं नाव. अर्जिया जोरात किंचाळली, आणि ती किंकाळी माणसाची होती.

उजेड विझला. धुकं पुन्हा ओलं होऊन तोंडावर आदळलं.

नेव्हिओने आईला पाठुंगळीला घेऊन घरी नेलं.  सकाळी अर्जियाचे पाय पुन्हा सुजले होते, डावी बाजू पुन्हा मेली होती, आणि नडगीवर फक्त एक लालसर वळ होता. फाउस्ताने आणि लिदियाने दुधाच्या खोलीतल्या विटा उचलून चरात परत ठेवल्या, त्यावर गाळ ओढला. संग्रहालयात फाउस्ताने सांगितलं, की सापडलं होतं ते पावसात विरघळलं. निघताना ती नेव्हिओचा निरोप घ्यायला मेंढवाड्यात गेली.

"दोन वर्षांनी माझी आई चालली होती," तो तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला. "जा तू."

हिवाळाभर फोन आला नाही. एप्रिलात आला, लिदियाचा. "जमलं तर ये," एवढंच ती म्हणाली.

दिवस लख्ख होता. काठावरचे पॉपलर कोवळ्या पानांनी भरले होते. अर्जिया खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. फाउस्ताला बघून तिने उजवा हात पुढे केला. हात ओलसर, थंड आणि मऊ होता.

"पाय शिशासारखे जड आहेत, पोरी," ती म्हणाली. "पण माझे आहेत. नेव्हिओला कळेल हळूहळू."

नेव्हिओ अंगणात उभा होता. बारीक झाला होता. त्याने तिला बघून मान हलवली आणि चालायला लागला. तीही मागोमाग गेली. बुजवलेल्या चराशेजारी मोकळी सपाट जमीन होती, नदीने दरवर्षी गाळ टाकलेली. तिथे, दोरी लावून आखाव्यात तशा रांगांत, ताज्या विटा वाळत घातल्या होत्या. साच्यातून नुकत्याच काढलेल्या. ओल्या. अजून शिक्का नसलेल्या.

"नेव्हिओ," फाउस्ता म्हणाली, "वेडा झालास का तू? पुन्हा कशाला…"

"मला वाटलंच तू हे म्हणणार. लिदियाही तेच म्हणाली." त्याचा आवाज थकलेला होता. रागाचा मागमूस नव्हता. "पाऊस पडला की विरघळतात. सकाळी पुन्हा असतात. रोज एक रांग जास्त."

तेवढ्यात पॉपलरच्या गर्दीतून आवाज आला. लाकडावर कुऱ्हाड बसल्याचा. थोडं थांबून पुन्हा. एक शेंडा थरथरला, तिरका झाला आणि सावकाश खाली गेला.

"कोण तोडतंय?" तिने विचारलं.

"भट्टीला सरपण लागतं," नेव्हिओ म्हणाला. तो झाडांकडे बघत होता आणि त्याचे दोन्ही हात खिशात होते. त्या बाजूने आता आणखी एका कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. मग आणखी एका.